विश्लेषण : ग्रामीण आरोग्य केंद्रांवरचा पैसा सार्थकी लागतो का?

गावाजवळचे सरकारी आरोग्य केंद्र म्हणजे पांढरा हत्ती की सर्वांत स्वस्तात जीव वाचवणारी यंत्रणा, हा वाद भारतात जुना आहे. एकीकडे इमारत आहे पण डॉक्टर नाही, अशी केंद्रे आहेत. दुसरीकडे दररोज शेकडो रुग्ण तपासणारी, अपुऱ्या औषधांवर आणि मनुष्यबळावर चालणारी केंद्रेही आहेत. सरकारचा आरोग्यावरील खर्च वाढतो आहे. तो कुठे लावायचा, विमा योजनांवर, जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयांवर की तालुक्याच्या केंद्रावर, हे ठरवायचे तर आधी त्या खर्चातून काय हाती लागते ते मोजावे लागेल. हा हिशेब कसा मांडतात आणि त्यात कुठे फसगत होते, याविषयी...

सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे नेमके काय?

भारतातील ग्रामीण आरोग्य व्यवस्थेचे तीन स्तर आहेत. सपाट प्रदेशात ५ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १ लाख २० हजारांमागे एक सामुदायिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागात हेच प्रमाण ३ हजार, २० हजार आणि ८० हजार असे आहे. या रचनेची मुळे सर जोसेफ भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात आहेत. प्रत्यक्षात प्राथमिक आरोग्य केंद्रे १९५२ पासून, समुदाय विकास कार्यक्रमाबरोबर उभी राहू लागली.

सामुदायिक आरोग्य केंद्रात ३० खाटा, शस्त्रक्रियागृह, प्रसूतिकक्ष, क्ष-किरण आणि प्रयोगशाळा अपेक्षित असते. शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हे चार विशेषज्ञ तेथे असावेत, अशी मूळ कल्पना. साधारण चार प्राथमिक केंद्रांतून पुढे पाठवलेले रुग्ण येथे येतात. महाराष्ट्रात याच पातळीवर ग्रामीण रुग्णालये काम करतात. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार ३१ मार्च २०२२ रोजी देशाच्या ग्रामीण भागात १ लाख ५७ हजार ९३५ उपकेंद्रे, २४ हजार ९३५ प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि ५ हजार ४८० सामुदायिक आरोग्य केंद्रे होती.

एक केंद्र चालवायला किती खर्च येतो?

याचे उत्तर अंदाजपत्रकात थेट सापडत नाही. पगार एका लेखाशीर्षातून, औषधे दुसऱ्या, बांधकाम तिसऱ्या आणि राष्ट्रीय कार्यक्रमांचा निधी चौथ्या वाटेने येतो. त्यामुळे संशोधकांना प्रत्येक केंद्रात जाऊन कोणाचा किती वेळ कोणत्या कामात जातो, इमारत व उपकरणांची वार्षिक झीज किती, औषधे किती वापरली गेली, याची बेरीज करावी लागते.

चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतील शंकर प्रिंजा आणि सहकाऱ्यांनी पंजाब, हरियाणा आणि हिमाचल प्रदेशातील केंद्रांचा असा हिशेब मांडला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्राथमिक आरोग्य केंद्राचा वार्षिक खर्च सरासरी ८८ लाख रुपये, तर सामुदायिक आरोग्य केंद्राचा २ कोटी ६९ लाख रुपये होता. दोन्ही ठिकाणी निम्म्याहून अधिक वाटा मनुष्यबळाचा होता. हा खर्च केंद्राच्या क्षेत्रातील लोकसंख्येवर विभागला तर माणशी वर्षाला अनुक्रमे सुमारे १७१ आणि १६२ रुपये पडतात. त्यात लसीकरण, प्रसूतिपूर्व तपासणी, क्षयरोगाचे उपचार आणि बाह्यरुग्ण सेवा हे सगळेच आले.

हे आकडे जुन्या किमतींचे आहेत. आज ते नक्कीच वाढलेले असतील. तरीही दोन गोष्टी त्यांतून कळतात. एक, माणशी खर्च फारच कमी आहे. दोन, हा खर्च बहुतांशी स्थिर आहे. रुग्ण आले किंवा न आले तरी पगार आणि इमारत यांवरचा पैसा जातोच.

खर्चाच्या तुलनेत परिणाम मोजतात कसा?

स्वस्त असणे आणि किफायतशीर असणे यांत फरक आहे. १०० रुपये खर्चून काहीच फायदा होत नसेल तर ते १०० रुपये वायाच गेले. म्हणून आरोग्य अर्थशास्त्रात खर्चाच्या समोर परिणाम मांडतात. टळलेले मृत्यू, टळलेले आजार किंवा वाचलेली निरोगी आयुष्यवर्षे, असे हे परिणाम असतात. अकाली मृत्यूमुळे आणि आजारपणामुळे वाया गेलेली वर्षे एकत्र करणारे ‘डॅली’ हे एकक १९९३ च्या जागतिक विकास अहवालामुळे जगभर रूढ झाले. एक डॅली म्हणजे निरोगी आयुष्याचे गमावलेले एक वर्ष. एखाद्या उपायाने असे एक वर्ष वाचवायला किती रुपये लागले, हे काढले की गोवराची लस आणि हृदयशस्त्रक्रिया यांचीही तुलना करता येते.

पण किती रुपये म्हणजे परवडणारे? जागतिक आरोग्य संघटनेशी जोडला गेलेला एक ठोकताळा दीर्घकाळ वापरला गेला. एक आयुष्यवर्ष वाचवण्याचा खर्च दरडोई सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एकपटीपेक्षा कमी असेल तर उपाय अतिशय किफायतशीर आणि तिपटीपर्यंत असेल तर किफायतशीर, असे मानले जाई. गरीब देशांसाठी ही मर्यादा फार सैल आहे, अशी टीका झाली. उपाय कागदावर किफायतशीर ठरतो, पण सरकारच्या तिजोरीत तेवढा पैसाच नसतो. पुढे या संघटनेशी संबंधित तज्ज्ञांनीच हा ठोकताळा एकमेव निकष म्हणून वापरू नये असे सांगितले. भारतात २०१७ मध्ये आरोग्य संशोधन विभागांतर्गत आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा उभी राहिली. तिच्या अभ्यासांत साधारणपणे दरडोई उत्पन्नाच्या एकपटीची कडक मर्यादा धरली जाते.

केंद्र महाग कधी पडते?

केंद्राचा खर्च बहुतांशी स्थिर असल्यामुळे सर्वांत महाग केंद्र कोणते, तर ज्यात कमी रुग्ण येतात ते. समजा, एका प्राथमिक केंद्रावर वर्षाला ८८ लाख रुपये खर्च होतात आणि वर्षभरात २० हजार वेळा कोणी ना कोणी सेवा घेते. मग एका भेटीचा खर्च ४४० रुपये पडेल. भेटी ४० हजार झाल्या तर औषधांचा वाढीव खर्च सोडून तो २२० रुपयांवर येईल. डॉक्टर तोच, इमारत तीच, पण किफायतशीरपणा दुप्पट.

यासाठी राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याचा अनुभव महत्त्वाचा आहे. तेथे २००३ च्या सुमारास अभिजित बॅनर्जी, अँगस डीटन आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी (तिघांनाही पुढे नोबेल मिळाले) केलेल्या पाहणीत उपकेंद्रे कामाच्या वेळेतही ५६ टक्के वेळा बंद आढळली होती. कधी उघडेल याची खात्री नसेल तर रोजगार बुडवून कोणी दोन-चार किलोमीटर चालत जात नाही. रुग्ण येत नाहीत म्हणून कर्मचारी येत नाहीत आणि कर्मचारी येत नाहीत म्हणून रुग्ण येत नाहीत, असे हे दुष्टचक्र.

त्याच जिल्ह्यात लसीकरणाबाबत केलेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काही गावांत दर महिन्याला ठरल्या दिवशी खात्रीने लसीकरण शिबिर भरवण्यात आले. आणखी काही गावांत शिबिराबरोबरच प्रत्येक लशीमागे एक किलो डाळ आणि लसीकरण पूर्ण केल्यावर थाळ्यांचा संच देण्यात आला. कोणतीही विशेष सोय नसलेल्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुले ६ टक्के होती. खात्रीच्या शिबिरांनी हे प्रमाण १८ टक्क्यांवर, तर डाळ-थाळीने ३९ टक्क्यांवर नेले. वरवर पाहता डाळ वाटणे ही उधळपट्टी. प्रत्यक्षात एका मुलाचे लसीकरण पूर्ण करण्याचा खर्च डाळीसह सुमारे २८ डॉलर आणि डाळीशिवाय ५६ डॉलर पडला. कारण परिचारिकेचा दिवसाचा पगार पाच मुले आली तरी तेवढाच आणि पंधरा आली तरी तेवढाच. जास्त खर्च करून सेवा स्वस्त होते, ती अशी.

भूलतज्ज्ञ नसेल तर काय बिघडते?

ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार मार्च २०२२ मध्ये देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांना २१ हजार ९२० विशेषज्ञांची गरज होती. प्रत्यक्षात ४ हजार ४८५ कार्यरत होते. म्हणजे तूट सुमारे ७९.५ टक्के. शल्यचिकित्सकांची तूट ८३ टक्के, बालरोगतज्ज्ञांची ८१ टक्क्यांहून अधिक आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची ७४ टक्के होती.

विशेषज्ञ हे एकेकटे काम करत नाहीत. सिझेरियनसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, नवजात बालकाकडे पाहणारा डॉक्टर, प्रशिक्षित परिचारिका आणि रक्तसाठा हे सर्व एकाच वेळी हजर लागतात. यातील एक कडी निसटली की उरलेल्या सगळ्यांवरचा खर्च निष्फळ ठरतो. स्त्रीरोगतज्ज्ञाचा पगार चालू राहतो, शस्त्रक्रियागृहाचे वीजबिल येते, पण अडलेली बाळंतीण रुग्णवाहिकेतून जिल्ह्याला रवाना होते. हिशेबनीस म्हणेल की भूलतज्ज्ञाचे पद रिक्त ठेवून एक पगार वाचला. वस्तुतः त्या एका पगारामुळे उरलेली सगळी गुंतवणूक अडकून पडली. म्हणून अर्धवट भरलेले केंद्र हे अर्ध्या खर्चाचे केंद्र नसते. खर्च जवळपास पूर्ण आणि परिणाम मात्र नाममात्र, अशी त्याची गत असते.

यावर काही मार्ग काढण्यात आले आहेत. एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल देण्याचे १८ आठवड्यांचे, तर तातडीच्या प्रसूतिसेवेचे १६ आठवड्यांचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने विशेषज्ञांना ‘तुम्ही आकडा सांगा, आम्ही देऊ’ या पद्धतीने वाटाघाटीतून मानधन ठरवण्याची मुभा राज्यांना दिली. मात्र भूल देण्याचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर जेथे शस्त्रक्रिया होतच नाहीत अशा ठिकाणी बदलून गेला, तर प्रशिक्षणावरचा पैसाही पाण्यात जातो. त्यामुळे प्रशिक्षण आणि नेमणूक यांची सांगड घालणे हाच यातला कळीचा मुद्दा आहे.

सरकारचा वाचलेला खर्च कुणाच्या खिशातून जातो?

किफायतशीरपणाच्या बहुतेक चर्चेत फक्त सरकारचा खर्च मोजला जातो. रुग्णाचा प्रवास, सोबत आलेल्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी, बाहेरून आणलेली औषधे हे त्यात येत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (जुलै २०१७ ते जून २०१८) प्रसूती वगळता रुग्णालयात दाखल होण्याच्या एका प्रसंगात सरकारी रुग्णालयातील रुग्णाचा वैद्यकीय खर्च सरासरी ४ हजार ४५२ रुपये होता. खासगीत तो ३१ हजार ८४५ रुपये होता. दोहोंतील अंतर सुमारे सातपट आहे. पण मोफत म्हणवल्या जाणाऱ्या सरकारी रुग्णालयातही साडेचार हजार रुपये खिशातून जात होते, हेही तितकेच महत्त्वाचे.

याच पाहणीत ग्रामीण भागातील आजारांपैकी जेमतेम ३३ टक्के आजारांवरील उपचार सरकारी ठिकाणी झाल्याचे दिसले. बाकीचे लोक खासगी दवाखान्यांत किंवा रुग्णालयांत गेले. म्हणजे तालुक्याच्या केंद्रात क्ष-किरण यंत्र बंद असेल तर सरकारचा खर्च कमी दिसतो आणि कुटुंबाचे कर्ज वाढते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे. तरीही दर १०० रुपयांतील ३९ रुपये आजारी माणूस किंवा त्याचे घर भरते.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, तर ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या माध्यमातून राज्य सरकारकडे आहेत. प्राथमिक केंद्रात रक्तदाबाची गोळी नियमित मिळाली नाही, तर त्याची किंमत काही वर्षांनी पक्षाघाताच्या रुग्णाच्या रूपाने दुसऱ्याच यंत्रणेला मोजावी लागते. एका खात्यातील बचत दुसऱ्या खात्यात खर्च म्हणून उगवते आणि दोन्ही खात्यांचा हिशेब मात्र आपापल्या जागी बरोबर असतो.

कमी खर्चात मोठा परिणाम कोणत्या उपायांनी साधला?

याचे ठोस उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. एका बालकामागे खर्च ५.३ डॉलर आला आणि दर १८ बालकांच्या काळजीमागे एक मृत्यू टळला. म्हणजे एक मृत्यू टाळण्याचा खर्च साधारण ९५ डॉलर. वाचलेल्या बाळापुढे असलेली आयुष्याची वर्षे लक्षात घेतली, तर एका आयुष्यवर्षाचा खर्च अगदी थोडक्या डॉलरांत येतो. २०११ पासून आशा सेविकांमार्फत हीच पद्धत देशभर स्वीकारण्यात आली. त्याआधी १९७० पासून जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडवले होते.

या उदाहरणांतून केंद्राची गरज नाही असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. घरोघरी फिरणारी सेविका बाळाचा श्वास जड झाल्याचे ओळखते. त्यापुढचे उपचार घरात शक्य नसतील तर बाळाला कुठे तरी न्यावेच लागते. जवळचे केंद्र बंद असेल तर सेविकेचे कौशल्य आणि तिच्यावरचा लोकांचा विश्वास दोन्ही वाया जातात.

दीर्घकालीन आजारांतही हेच सूत्र लागू पडते. उच्च रक्तदाबाच्या जेनेरिक गोळ्या स्वस्त आहेत. खरी अडचण महिन्याच्या महिन्याला त्या मिळण्याची आणि रुग्ण नियमित येण्याची. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ पासून महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झाला. सोपी ठरावीक औषधयोजना, औषधांचा अखंड पुरवठा, परिचारिकांकडे पाठपुराव्याचे काम आणि घराजवळच्या केंद्रात गोळ्या, ही त्याची पद्धत. यात महागडे यंत्र कुठेच नाही.

खासगी रुग्णालयाकडून सेवा विकत घेणे स्वस्त पडणार नाही का?

हा युक्तिवाद नेहमी होतो. डॉक्टर सरकारी नोकरीत येत नसतील, तर सरकारने खासगी डॉक्टरला प्रत्येक रुग्णामागे पैसे द्यावेत. स्थिर खर्चाचा बोजा नको आणि काम झाले तरच पैसे. गुजरातने २००५ मध्ये ‘चिरंजीवी’ योजनेत खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांशी गरीब महिलांच्या प्रसूतींसाठी असे करार केले. सुरुवातीच्या पाहण्यांत योजनेचे कौतुक झाले. पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अभ्यासात संस्थात्मक प्रसूतींच्या प्रमाणात किंवा कुटुंबांच्या खर्चात लक्षणीय फरक आढळला नाही. ज्या महिला तशाही रुग्णालयात गेल्या असत्या, त्यांच्यासाठीच पैसे दिले जात असतील, तर नवीन परिणाम शून्य. आणि मूल्यमापनात मोजायचा असतो तो हा नवीन परिणामच.

प्रोत्साहनाची दिशाही पाहावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) सरकारी संस्थांतील १४.३ टक्के, तर खासगीतील ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. यातील काही फरक गुंतागुंतीच्या रुग्णांमुळे असू शकतो, पण एवढी दरी केवळ त्याने भरून निघत नाही. प्रत्येक शस्त्रक्रियेमागे पैसे मिळणाऱ्या व्यवस्थेत शस्त्रक्रिया वाढतात. सरकारी केंद्रात उलटा धोका आहे, तो म्हणजे गरज असूनही ती न होण्याचा.

आयुष्मान भारत योजनेने २०१८ मध्ये दोन्ही वाटा एकत्र घेतल्या. एका बाजूला कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयीन संरक्षण, दुसऱ्या बाजूला दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रे. आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडतो. बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधे त्यात सहसा येत नाहीत. पहिली वाट मजबूत आणि दुसरी कच्ची राहिली, तर मधुमेह वेळेत आटोक्यात ठेवण्याऐवजी पाय कापण्याचे बिल सरकार भरत राहील.

नुसती गर्दी वाढली म्हणजे काम भागले का?

नाही. रुग्णसंख्या हे सोपे माप आहे, म्हणून ते फसवेही आहे. जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये सुरू झाली. संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मधील ३८.७ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेले. याच काळात मातामृत्यूही घटले. एक लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ मध्ये २५४ मातामृत्यू होत, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आले. पण यापुढची घट केवळ प्रसूती दवाखान्यात झाल्याने होणार नाही. रक्तस्राव सुरू झाल्यावर तेथे काय केले जाते, यावर ती अवलंबून आहे.

‘द लॅन्सेट’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या १३७ अल्प व मध्यम उत्पन्न देशांच्या विश्लेषणाने याकडे लक्ष वेधले. उपचारांनी टळू शकणाऱ्या ८६ लाख वार्षिक मृत्यूंपैकी ५० लाख मृत्यू आरोग्यसेवेपर्यंत पोहोचलेल्यांचे होते. त्यांना मिळालेली सेवा निकृष्ट होती. सेवेपर्यंत न पोहोचल्यामुळे झालेले मृत्यू ३६ लाख. भारतात निकृष्ट सेवेमुळे होणाऱ्या मृत्यूंचा अंदाज १६ लाख होता. म्हणून केंद्राने किती केसपेपर काढले एवढे पाहून भागत नाही. नोंदवलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांपैकी किती जणांचा दाब नियंत्रणात आहे, हे पाहावे लागते.

कमी रुग्ण येणारी केंद्रे बंद करावीत का?

रुग्णामागे खर्च हा एकच निकष लावला, तर धडगाव, मेळघाट किंवा भामरागडसारख्या भागांतील केंद्रे सर्वांत महाग ठरतील. वस्ती विरळ, रस्ते कठीण, कर्मचारी टिकत नाहीत. ती बंद करून तालुक्याच्या गावी मोठे रुग्णालय बांधले, तर सरासरी खर्च सुधारेल. पण ज्यांचा आजार सर्वांत उशिरा ओळखला जातो, त्यांचेच दार बंद होईल. पावसाळ्यात नदीपलीकडे अडकलेल्या गरोदर महिलेला सरासरी उपयोगी पडत नाही.

येथे तंत्राची मर्यादा दिसते. किफायतशीरपणा म्हणजे दिलेल्या पैशात एकूण किती आरोग्य मिळाले, याचा हिशेब. ते कोणाला मिळाले, हे तो आपोआप सांगत नाही. आदिवासी भागासाठी लोकसंख्येचे निकष मुद्दाम सैल ठेवले आहेत, ते याच कारणाने. शिवाय अशा भागात आजाराचे ओझे अधिक असल्याने नीट चालणाऱ्या केंद्रात येणारा प्रत्येक रुग्ण अधिक आयुष्यवर्षे वाचवू शकतो. त्यामुळे कमी रुग्णसंख्या दिसली की पहिला प्रश्न ‘बंद कधी करायचे’ हा नसून ‘लोक का येत नाहीत’ हा असायला हवा. लोकवस्तीच हलली असेल, जवळ दुसरे चांगले केंद्र झाले असेल, तर जागा बदलणे योग्य. डॉक्टर नाही म्हणून लोक येत नसतील, तर केंद्र बंद करणे म्हणजे आजाऱ्यालाच दोष देणे.

इतर विकसनशील देशांनी काय केले?

थायलंडचे उदाहरण वारंवार दिले जाते. तेथे १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात शहरी प्रांतीय रुग्णालयांतील नवी गुंतवणूक काही वर्षे थांबवून पैसा जिल्हा रुग्णालयांकडे आणि गावपातळीवरील केंद्रांकडे वळवण्यात आला. (थायलंडमधील जिल्हा आकाराने आपल्या तालुक्याच्या जवळचा.) नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची होती आणि सोबत दुर्गम भागासाठी अधिक भत्तेही होते. म्हणून २००२ मध्ये ३० बाथमध्ये उपचारांची सार्वत्रिक योजना आली, तेव्हा ती राबवायला गावोगावी चालती केंद्रे तयार होती. आधी केंद्रे, मग हमी, हा तो क्रम. नवी औषधे आणि उपचार योजनेत घेण्यापूर्वी त्यांचा किफायतशीरपणा तपासण्याची पद्धतही त्या देशाने रुजवली.

पुढे काय?

राष्ट्रीय आरोग्य धोरणाने (२०१७) सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे आणि त्यातील दोन तृतीयांश वाटा प्राथमिक सेवांना देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ मध्ये हा खर्च १.८४ टक्के होता. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी आरोग्याकरिता स्थानिक स्वराज्य संस्थांना ७० हजार ५१ कोटींचे अनुदान सुचवले. त्याचा मोठा रोख इमारती, तपासणी सुविधा आणि तालुका पातळीवरील यंत्रणेवर होता. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत केले. औषध खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणही स्थापन केले.

मोफत सेवेमुळे रुग्ण वाढतात. औषधे आणि माणसे त्याच प्रमाणात वाढली, तर केंद्र स्वस्त पडेल. नाही वाढली, तर रांगा लांबतील, औषधाची चिठ्ठी बाहेरच्या दुकानात जाईल आणि काही महिन्यांत रुग्णही पाठ फिरवतील. त्यामुळे नवी इमारत मंजूर करण्यापूर्वी तीन आकडे जाहीर होणे उपयुक्त ठरेल. जवळच्या केंद्रात भरलेली पदे किती, अत्यावश्यक औषधांपैकी महिन्यात किती दिवस किती औषधे उपलब्ध होती, आणि तेथून पुढे पाठवलेल्या रुग्णांपैकी किती जणांवर तेथेच उपचार होऊ शकले असते. इमारतीचे उद्घाटन एकदाच होते. पगार, औषधे आणि देखभाल यांचा पैसा मात्र दरवर्षी द्यावा लागतो, आणि केंद्र स्वस्त ठरणार की महाग, याचा निकाल त्याच पैशावर लागतो.